पाण्याकडे पाठ

आई,

परवा मी नदीत उतरले. कंपनीची सहल होती. पहाटे चाकणहून बस निघाली आणि ताम्हिणी घाटानं कोलाडला पोहोचली. तिथं कुंडलिका नदीत सकाळी धरणाचं पाणी सोडतात आणि त्या खळाळत्या पाण्यात नवशिक्यांना कयाक चालवायला शिकवतात. हवा भरलेली, एकट्यानं बसायची छोटी होडी, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. माझ्या हाताखालची पोरं म्हणाली, "मॅडम, तुम्ही आपल्या काठावर बसून फोटो काढा." मी लाइफ जॅकेट चढवलं. मला पोहता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मी कशी शिकले, हे तर तू गेल्यापासून कुणालाच ठाऊक नाही.

दादा गेला तेव्हा मी सहावीत होते. दहावीची परीक्षा संपली म्हणून तो मित्रांबरोबर निघोज्याकडं इंद्रायणीवर गेला, आणि दुपारी कुणीतरी सांगत आलं. परभणीकडच्या आपल्या गावात उन्हाळ्याआधीच नदीची वाळू उघडी पडायची, पोहणं आपल्या घरात कुणाला येणार? त्याला आणलं तेव्हा तू रडली नाहीस. त्याचा ओला शर्ट घट्ट पिळलास आणि दोरीवर वाळत घातलास. मला अजून तेच दिसतं, आकुर्डीच्या खोलीबाहेरची ती दोरी आणि तू त्या शर्टाच्या बाह्या सरळ करते आहेस. शेजारच्या मावशी तुला समजावत होत्या, आता पोरीला पाण्याच्या वाऱ्यालाही उभं करू नका. तू मान हलवलीस. मला वाटलं, संपलं.

पुढच्या उन्हाळ्यात तू वर्कशॉपमध्ये दुसरी शिफ्ट मागून घेतलीस आणि एका सकाळी मला महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर नेलंस. मी फाटकाचा गज धरून ठेवला होता. "मला नाही जायचं. मी पण मरेन." तू माझी बोटं एकेक करून सोडवलीस. "कशाला रडायलीस? मरू नये म्हणूनच चाललोत." एवढंच. मग मला आत ढकलून तू सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलीस, पाण्याकडे पाठ करून. रोज तशीच बसायचीस. मला राग यायचा. बाकीच्या आया आपापल्या पोरींकडं बघून हात हलवायच्या आणि माझी आई भिंतीकडं तोंड करून बसलेली. एके दिवशी एक रुंदी पार केल्यावर मी चिडून ओरडले, "आले गं!" तू वळली नाहीस, पण हात वर केलास. मग तसंच सुरू झालं. मी काठाला लागले की ओरडायची, तू हात वर करायचीस. घरी आल्यावर तू मोरीत नळ मोठा सोडून ओकायचीस, हे मला पुष्कळ नंतर समजलं. रोज ओकायचीस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायचीस.

परवा शिकवणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, दगडाकडं बघू नका, बघाल तिकडंच होडी जाईल. आणि उलटलात तर उताणं पडा, पाय पुढं." पहिल्या दोन लाटा मी चांगल्या घेतल्या. अंगावर पाणी उडत होतं आणि मी हसत होते गं, पाण्यात हसत होते. तिसऱ्या लाटेला होडी आडवी झाली आणि मी खाली गेले. खोल नव्हतं, जॅकेटनं लगेच वर आणलं. मी उताणी झाले, पाय पुढं केले, आणि श्वास घेता आला तशी ओरडले, "आले गं!" मागची पोरं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं मॅडमना मजा आली. मी काठाकडं बघत होते. तिथं थांबलेले सगळे माझ्याकडंच तोंड करून उभे होते. पाठ कुणाचीच नव्हती.

एक गोष्ट राहिलीय. शेवटच्या आजारपणात, मी तुझी वेणी घालत असताना तू विचारलं होतंस, "लेकराला भ्या वाटलं असंल का गं आत?" दादाबद्दल तू काही विचारलेलं तेवढंच. मी म्हणाले, "नाही आई, काही कळतच नाही म्हणतात." तू म्हणालीस, "मग बरंय." परवा सहलीहून आल्यावर हे लिहायला बसले ते त्यासाठीच. स्वतः जाऊन आलेय, आत सगळं शांत असतं, असं तुला कळवावं. तसं लिहिलंही होतं. मग खोडलं.

आत शांत नसतं, आई. मी घाबरले होते. पाण्याखाली, जॅकेट अंगात असतानाही, तोंड उघडून तुलाच हाक मारली होती. तू असतीस, तरी हा कागद तुझ्या हातात दिला नसता.