सावनदुर्गला सायकलने, नयनासह

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार
निर्णय झाला. नयना आणि मी, तीन दिवसांची सायकल टूर. बंगळूरात मल्लेश्वरमहून निघायचं, मागडी, सावनदुर्गचं जंगल, मंचनबेलेचा तलाव, घर.

कारण असं. नयनाच्या बँकेने तिला प्रमोशनवर नाशिकला पाठवायचं ठरवलंय. सोळा डिसेंबरला हजर व्हायचं. म्हणते, मी जाणार. लग्नाला बावीस वर्षं झाली. रागाच्या भरात 'मी जाते' बऱ्याचदा म्हणाली आहे, आणि फार तर एट्थ क्रॉस रस्त्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत गेली आहे. या वेळी शांतपणे म्हणाली. राग नाही म्हणजे मनावर घेतलेलं नाही. साधं लॉजिक.

लग्न नवीन असताना ती एकदा म्हणाली होती, की आपण जंगलातून सायकलने भटकू. (स्कूटरने म्हणाली असेल.) डोंगर, झाडं, पाणी, शेजारी मी. हे सोडून कोण नाशिकला जाईल?

२० नोव्हेंबर
सराव सुरू. पाचचा गजर लावला होता. हात लांब करून बंद केला. म्हणजे जाग आली होती, हे महत्त्वाचं.

२४ नोव्हेंबर, रविवार
सँकी टँकला चक्कर. मी नवी, गियरची सायकल घेतली आहे. नयनाने शेजारच्या गुरुराजांच्या मुलीची जुनी लेडीज सायकल मागून आणली. कीव आली.

एक चक्कर मारून मी बाकावर बसलो. गुडघ्यांना एकदम सवय लावू नये. नयनाने चार मारल्या. माझ्यासमोरून जाताना प्रत्येक वेळी पाण्याकडे बघत होती. मला ओशाळवाणं वाटू नये म्हणून. इतकं जपणारी बायको मला सोडून जाईल?

२८ नोव्हेंबर
रजा मंजूर. सही गिरीराजची. चामराजपेटचा, घरी मराठी बोलणारा, सात वर्षं माझ्या हाताखाली होता. ऑक्टोबरपासून मी त्याच्या हाताखाली आहे. हेड ऑफिसची टायपिंगची चूक. एप्रिलच्या प्रमोशन लिस्टमध्ये दुरुस्त होईल.

सही करताना तो हळूच म्हणाला, की अण्णा, व्हीआरएसची, स्वेच्छानिवृत्तीची, मुदत डिसेंबरअखेर संपते, स्वल्प विचार करा. मला घालवल्याशिवाय त्याला खुर्चीत नीट बसता येत नसणार.

नयनाही ऑगस्टपासून तेच म्हणते आहे. व्हीआरएस घ्या आणि नाशिकला चला. मी हसण्यावारी नेतो. एप्रिलच्या तोंडावर कोणी नोकरी सोडतं का!

५ डिसेंबर
ग्राफ पेपरवर रूट तयार. नयनाने विचारलं, की चढ किती आहे? म्हटलं, नकाशात तर काही दिसत नाही.

सामान: रेनकोट, टॉर्च, थर्मास, शेव्हिंगचा डबा, ब्रेड-जॅम, ओडोमॉस, छोटी उशी. तिची एकच पिशवी. अनुभव नाही, दुसरं काय.

तलावाकाठी काय बोलायचं ते पाठ केलंय. एक, एप्रिल. दोन, बंगळूरची हवा. तीन, माझं जेवण. तिसऱ्यावर ती विरघळेल.

६ डिसेंबर, मागडी, लॉज
निघालो! सुंकदकट्टेच्या अलीकडे चेन निघाली. तावरेकेरेला पंक्चर. पंक्चरवाल्याशी, मग हॉटेलवालीशी नयना कन्नडमध्ये गप्पा मारत बसली. हॉटेलवाली काहीतरी म्हणाली आणि दोघी माझ्याकडे बघून खूप हसल्या. काय म्हणाली विचारलं, तर म्हणे, काही नाही, तुम्ही उशी का आणलीत असं विचारत होती. वीस वर्षं इथे राहून मला कन्नड येत नाही, कारण फॅक्टरीत हिंदी-इंग्रजीत भागतं.

नयना इतकं मोकळं हसल्याला फार दिवस झाले. टूरचा परिणाम दिसू लागला.

गुडघे माझे नाहीत.

७ डिसेंबर, दुपार, सावनदुर्ग
डोंगर म्हणजे एकच अवाढव्य शिळा. भोवती दाट झाडी. रस्ता चढायला लागला तसा मी उतरून सायकल ढकलत निघालो. चालताना निसर्ग जास्त दिसतो. माकडांनी ब्रेड नेला, जॅमसकट.

सुरुवातीला नयना प्रत्येक वळणावर झाडाखाली थांबायची. मी पोचलो की पुढे निघायची. नंतरच्या वळणांवर थांबलेली दिसेना. हाक मारली. आधी जोरात, मग बेताने, कारण एक गुराखी बघत होता.

वर एका कातळावर बसली होती. केस सुटलेले, तोंड लाल. खाली लांबवर पाणी चमकत होतं. मी येऊन शेजारी बसलो तरी तिला कळलं नाही. कळलं असेल.

७ डिसेंबर, संध्याकाळ, मंचनबेले
धरणाजवळच्या सरकारी बंगल्यात खोली मिळाली. चौकीदाराशी नयनाच बोलली.

पाण्याकाठी बसलो. भोवती टेकड्या, पाण्यावर बगळे. मी तिन्ही मुद्दे मांडले. जेवणाचा मुद्दा जरा लांबला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की अहो, मला नाशिकला जायला आवडणार आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? चाळीस माणसांची शाखा माझ्या हाताखाली येणार आहे. रात्री झोप लागत नाही मला, आनंदाने.

मी म्हटलं, झोप लागत नाही म्हणजे ॲसिडिटी.

ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, की शेवटचं विचारते, चला माझ्याबरोबर. तिथे सकाळी सकाळी असंच हिंडू. तुम्ही ढकलत या, मी थांबेन.

हो म्हणणार होतो. पण मी गेलो असतो तर गिरीराजचं प्रमोशनचं पत्र बरोबर होतं असा अर्थ झाला असता. म्हटलं, एप्रिलची लिस्ट लागू दे, मग बघू.

हात काढून घेत ती म्हणाली, सरी.

सरी! म्हणजे ठीक आहे. मान्य! टूर यशस्वी.

८ डिसेंबर, घर
गुडघ्यांनी संप केल्यामुळे मी नारळाच्या लॉरीतून आलो. नयना सायकलनेच. म्हणजे तिच्याआधी मी पोचलो, ही वस्तुस्थिती आहे.

ती तिसऱ्या प्रहरी आली. उभ्याउभ्या तांब्याभर पाणी प्यायली आणि चपला न काढता नाशिकला फोन लावला. एका माणसासाठी खोली हवी, म्हणत होती. एका.

'सरी'चा अर्थ गुरुराजांना विचारला. म्हणाले, ठीक आहे. पुढे म्हणाले, की विषय संपवायचा असला तरी तेच म्हणतात.

१४ डिसेंबर, शनिवार
नयना गेली. आमची मुलगी वेदिका मणिपालच्या हॉस्टेलवरून आली होती. प्लॅटफॉर्मवर म्हणाली, की बाबा, आई चार महिने तुम्हाला विचारत होती. मी म्हटलं, पाण्याची बाटली नीट लागली का बघ.

गाडी सुटताना खिडकीबरोबर चार पावलं चाललो. गुडघे.

३१ डिसेंबर
व्हीआरएसचा फॉर्म आणला. पेनमध्ये शाई भरली. गिरीराज केबिनच्या काचेतून बघत होता. त्याच्यादेखत भरायचा? उद्या घरी शांतपणे भरू.

मुदत आज होती.

५ जानेवारी १९९७, रविवार
नयनाचा फोन. शाखा छान आहे. स्टाफ ऐकतो. आज बँकेतल्या दोघींबरोबर सायकलने गंगापूर धरणावर गेली होती. माझं जेवण कसं चाललंय विचारलं. उत्तम, म्हटलं.

एसटीडी बूथवर तिचं मीटर पळत असणार. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून वाट बघितली. या वेळी ती 'चला' म्हणाली, की लगेच हो म्हणायचं. एप्रिल गेला खड्ड्यात.

म्हणाली, ठेवते हं, तब्येतीला जपा.

नेहमी लाइनला खरखर असते. आज अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.