न फवारलेल्या वाफ्यातली अकरा फुलं

ती. भाऊजी,

मायक्रोस्कोपवर वाकून वाकून मान आखडली आहे, तरी जमेल तेवढी खाली घालून तुम्हाला आणि ताईला नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचा खोकला गेला का? आणि वाटाणा फुलावर आला का? (हे मी सहज विचारलेलं नाही. पण त्याकडे शेवटी येतो, धीर होईल तसा.)

काल, सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, टेबलं पुसली आणि कपाटावरच्या देवाच्या तसबिरीपुढे उभा राहिलो. हात रिकामे होते, कारण आमच्या वाफ्यांतला वाटाणा नुकताच निघाला होता. त्या रिकाम्या हातांकडे बघताना मला जे कळलं, ते एखाद्या शहाण्याला महिनाभर आधीच कळलं असतं.

आमच्या मॅडम तणनाशकाने पिकाच्या पोटात काय बिघडतं ते शोधतात. एक वाफा फवारलेला, एक तुलनेसाठी न फवारलेला. दोन्हीकडच्या कळ्या चिरडून, लाल रंग देऊन स्लाइड करायची हे काम माझं. पेशी दुभंगताना त्यातली गुणसूत्रं निम्मी इकडे, निम्मी तिकडे अशी शिस्तीत जायला हवीत. फवारलेल्या झाडांत मात्र काही मधेच घोटाळतात, कुठे निघालो होतो ते विसरल्यासारखी (घरी कपाट उघडल्यावर माझं होतं तसंच). मग परागकण पोचट होतात, रंगही धरत नाहीत, आणि त्यांच्यातून बी धरत नाही. मला बाकी फारसं काही येत नाही, पण स्लाइड करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. एवढा एकच गर्व मी देवापासून लपवून ठेवला होता.

आणि शेंगा मोजल्या, तर कमी भरल्या त्या न फवारलेल्या वाफ्यात! मॅडम गोंधळल्या. म्हणाल्या, "मामा, तुमच्या स्लाइड्स म्हणतात फवाऱ्याने पीक वांझ होतं, आणि शेंगा म्हणतात फवारा म्हणजे टॉनिक. दोघांपैकी कुणीतरी थापा मारतंय. रंग शिळा होता का हो?" अहवाल शनिवारी जायचा. स्लाइड्स वगळल्या की फवारा निर्दोष सुटणार.

शिळा रंग! त्या दिवशी मी चहा घेतला नाही. उंदरांवर संशय घेतला, चिमण्यांवर घेतला, नव्या माळीबुवांवरही घेतला (त्यांना वाटाणा आवडत नाही, हे नंतर कळलं). आणि सोमवारी त्या रिकाम्या हातांनी चोर दाखवला. हंगामभर मी रोज अकरा फुलं तसबिरीपुढे वाहत होतो. वाटाण्याचीच. आणि विष मारलेलं फूल देवाला कसं वाहायचं, म्हणून निवडून, सोवळ्याने, फक्त न फवारलेल्या वाफ्यातली! एक फूल म्हणजे एक शेंग, हे मीच नव्या मुलींना शिकवतो. चोवीस दिवसांचं गणित तुम्ही करा, मला लाज वाटते.

सांगावं तर माझी भक्ती उघडी पडते, न सांगावं तर माझ्या स्लाइड्स खोट्या पडतात. आणि खरं सांगतो, जास्त दुखतंय ते स्लाइड्सचं. तेव्हा उद्या सांगायचंच, असं ठरवलं आहे.

तुमचा एकुलता एक मेहुणा

ता. क. मागच्या पत्रात मी शास्त्रज्ञाच्या थाटात लिहिलं होतं, "बिनधास्त फवारा, शेंगा उलट वाढतात." ते वाक्य कृपा करून खोडा आणि पंप खाली ठेवा. फवारलं असेलच, तर त्या ओळींचं बी पेरणीसाठी ठेवू नका. आणि हे ताईला कळू देऊ नका. मला एवढं शिकवायला ती त्या काळी आमच्या हेडमास्तरांशी भांडली होती.

ता. क. पुन्हा. पत्र तीन दिवस खिशातच होतं, कारण तो "उद्या" काही उगवेना. आज शुक्रवार. सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"रोज किती?"

"अकरा."

"नक्की?"

"देवाशपथ."

"त्यांना साक्षीला आणू नका, मामा. माल त्यांच्याकडेच गेलाय."

मग त्यांनी अहवाल थांबवला आणि वहीत लिहिलं: न फवारलेल्या वाफ्यातली फुलं खुडली गेली, शेंगांची मोजणी रद्द, स्लाइड्स ग्राह्य, पेरणी पुन्हा. कुणी खुडली, ती जागा कोरी सोडून वही माझ्यापुढे सरकवली. मी तिथे माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.