धोंड्याच्या वाणाचा अँटिना

माधव नगर, उज्जैन

तीर्थस्वरूप भय्यासाहेबांच्या चरणी जावई जयंतचा वाकून नमस्कार.

आम्ही तिघंही मजेत आहोत. तुमची कंबर आता कशी आहे? (न्हाणीघरात पाय घसरून पडलात हे तुम्ही कळवलं नाहीत. धारहून आलेल्या तुमच्या शेजारच्या प्रसादने सांगितलं. तुमच्या फोनवर फक्त हवापाणी कळतं.) आई गेल्यापासून तुम्ही एकटे, त्यात हे पडणं, त्यामुळे शोभाचं कशात लक्ष नाही. इकडे राहायला या म्हटलं की तुमचं उत्तर ठरलेलं, की मुलीच्या घरी मुक्काम करायचा नसतो. येता, चहा घेता आणि नानाखेड्याच्या स्टँडवरून संध्याकाळची बस पकडता. म्हणून या पत्रात मी तुम्हाला 'या' असं म्हणणार नाही. हे पत्र निव्वळ अँटिनाबद्दल आहे.

अधिक महिन्यात जावयाला जाळीदार वाण द्यायचं, म्हणून आजवर आईंचे अनारसे मिळत आले. यंदा अनारसे कोण करणार, तर तुम्ही घरात ठेवायचा अँटिना स्वतः बनवून ताम्हनात घालून दिलात. जन्मभर पोलिसांच्या बिनतारी खात्यात काढलेल्या सासऱ्याकडून मी निराळी अपेक्षा करायलाच नको होती. जाळीदार तो आहेच. शोभाने भोकं मोजायला घेतली होती, पण शास्त्रापुरती तेहतीस कधीच भरली म्हणून थांबली. मग तिने ती जाळी ओळखली. आईंच्या दूधदुभत्याच्या कपाटाचं दार ना ते? त्या दिवशी तिने ती दोनदा पुसली. मीही सायीचा वास येतो का ते हुंगून पाहिलं, हे जावयाने लिहू नये, पण लिहितो.

आता धोंड्याचं वाण परत करता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही आणि माळ्यावरही टाकता येत नाही. बाबांनी हाताने केलेलं वाण घरात असताना केबल कशाला, असं म्हणून शोभाने केबल काढून टाकली. (माझं मत विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही.) मग प्रश्न आला की तो ठेवायचा कुठे. तुमच्या सांगण्याप्रमाणे त्याचं तोंड इंदूरच्या टीव्ही टॉवरकडे हवं, आणि इंदूर पडलं दक्षिणेला. शोभा म्हणाली, वाण दक्षिणेकडे तोंड करून ठेवत नाहीत. मी म्हटलं, मग इंदूर उत्तरेला नेऊ या. शेवटी तिने त्याच्यापुढे एक सुपारी ठेवली आणि दक्षिणेची परवानगी दिली.

फ्रिजवर ठेवला तर चित्राचे चौकोनी तुकडे होऊन पडतात. कपाटावर ठेवला तर चित्र जागच्या जागी गोठतं. परवा बातम्या देणाऱ्या बाईंचं तोंड उघडं राहिलं, ते आमची पानं वाढून जेवणं होईपर्यंत उघडंच होतं. खिडकीत ठेवला तेव्हा शेजारचे व्यासजी फाटकातून विचारू लागले, "क्यों भाईसाहब, मच्छर बहुत हो रहे हैं क्या? हमको भी ऐसी जाली बनवा दो." मी त्यांना सांगितलं की ही सासऱ्यांकडून आलेली जाळी आहे. त्यावर ते फार आदराने हसले आणि घरात गेले.

मग एक शोध लागला. अँटिना मी हातात धरून खिडकीशी, एका अंगाला झुकून उभा राहिलो की चित्र बऱ्यापैकी येतं. ठेवला की गेलं. म्हणजे ज्याच्यामुळे टीव्ही दिसतो त्याला तो दिसत नाही, कारण माझी पाठ टीव्हीकडे असते. मृण्मयी ओरडते, "बाबा, हिलू नका ना, आत्ता तर क्लिअर झालं होतं!" शोभा पाहते आणि मला तोंडी सांगते. सोयाबीनवर कोणती कीड पडते आणि तिच्यावर काय फवारायचं हे मला आता पाठ आहे, आणि आपल्याकडे कुंडीभर जमीन नाही. मृण्मयी एकदा म्हणाली, मागची पिन तरी बघू या. तर शोभा एकदम कडाडली की बाबांच्या वस्तूच्या मागे कुणी हात लावायचा नाही, शॉक बसतो. तेव्हापासून आम्ही पुढच्याच बाजूने प्रयत्न करतो.

तरी माझी तक्रार नाही. (खांद्याची आहे, पण ती वयाची म्हणू.) तुम्ही रोज फोनवर विचारता, "चित्र कसं आहे?" आणि मी म्हणतो, "फस्क्लास." ते खरं नाही, एवढंच कळवायचं होतं. तुमच्या प्रकृतीला जपा. रात्री खिचडी चुलीवर ठेवून झोप लागते, तेवढं सांभाळा.

घरच्या सगळ्यांचे नमस्कार तुमच्यापाशी पोचते करून थांबतो.

तुमचा,
जयंत

ता. क. मेकॅनिक म्हणून कामावर आलेला माणूस ज्या घरी उतरतो, त्या घराला मुलीचं घर म्हणत नाहीत, असं मला वाटतं. तुमच्या खात्यात याला ड्यूटी म्हणत असत. नियम मोडत नाही. विचार करा.

पुन्हा ता. क. काम एका दिवसात होईलसं दिसत नाही, म्हणून गरम कपडे आणि कंबरेचा पट्टा बरोबर असू द्या. पुढच्या खोलीत पलंग टाकून ठेवला आहे. तो अँटिनासाठी आहे.

(याखाली शोभाचं अक्षर आहे. मला वाचू न देता ती पाकीट चिकटवणार आहे.)

बाबा, अँटिना पहिल्या दिवसापासून उत्तम चालतो. मागची पिन मीच रोज सैल करून ठेवते. ह्यांना माहीत नाही. बिचारे रोज संध्याकाळी खिडकीशी हात वर करून उभे असतात, मला बघवत नाही. आईच्या जाळीतून चित्र कसं स्वच्छ येतं ते मला तुमच्याशेजारी बसून बघायचं आहे. लवकर या आणि पिन तुमच्या हाताने घट्ट करा. फार लवकर करू नका.