झाडांखालचे सहा नेचे

१२ नोव्हेंबर
चि. गुंड्यास,
अ. उ. आशीर्वाद. गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन महिने झाले. डॉक्टर चाला म्हणतात, मी आपली खिडकीत बसते. समोर झाडांखालची उघडीबोडकी जमीन! ऊन नाही, म्हणून गवतही नाही. तुझा भाचा म्हणतो, झाडं तोडून फरशी घालू. तुझ्या भाऊजींनी हाताने लावलेली झाडं रे ती. ते गेले, निदान ती तरी राहू देत. तुझी एवढी नर्सरी आहे, सावलीत तगेल आणि थंडीतही हिरवं राहील असं काही पाठव. वर्षभर पत्र नाही, शिंगं फुटली का?
कान धरायला अजून समर्थ,
ताई

२५ नोव्हेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि. सहा नेचे पाठवतोय, शहरात फर्न म्हणतात ते. बारा महिने हिरवे, थंडीला भीक घालत नाहीत. मातीत कुजलेला पाला मिसळ. पानं फुटतात तो गड्डा मात्र मातीच्या वर राहू दे, पुरलास तर कुजेल. तू उतरू नकोस, भाच्याला सांग. कामाच्या रगाड्यात पत्र राहिलं. अक्षर बायकोचं आहे. माझं तुला कधी लागलंय?
लोभ आहेच, ओरडा कमी कर.
गुंड्या

८ जानेवारी
चि. गुंड्यास,
आशीर्वाद. तुझ्या भाच्याने नेचे खांब रोवावेत तसे रोवले! पानं काळी पडली. तो म्हणाला, मेलेच ते, रविवारी झाडं तोडणारा येतोय. मग मी काठी घेतली आणि पाच पायऱ्या उतरले. मातीत फतकल मारून सहाही उकरले. दोन पार कुजलेले, चार गड्डे घट्ट. ते वर घेऊन लावले. उठता येईना, तेव्हा हाका मारल्या. पठ्ठ्या धावत आला, रागावला आणि मग शेजारी बसून पाला पसरू लागला. तोडणाऱ्याला त्यानेच नको म्हणून कळवलं. आता आणखी दोन पाठव.
मातीने माखलेली,
ताई

२० जानेवारी
ती. वन्संना,
सा. न. वि. वि. हे पत्र यांच्या नकळत लिहितेय. आणखी नेचे नाहीत. गेल्या वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, नर्सरी बंद केली. तुम्हाला कळवू दिलं नाही. ताई आधीच एकटी पडलीय, म्हणाले. ते सहा नेचे आमच्या मागच्या दारी स्वतःसाठी राखलेले होते. तुमचं पत्र ऐकताना मात्र वर्षभरात पहिल्यांदा पोटभर हसले. त्यांच्यावर रागावू नका.
तुमची,
भावजय

२६ फेब्रुवारी
चि. गुंड्यास,
आशीर्वाद. मला सगळं कळलंय. बायकोवर डाफरलास तर याद राख! रडून झालं, आता कामाचं बोलते. चारही नेच्यांना कोंब आलेत, तान्ह्या बाळाच्या मुठीसारखे वळलेले. उरलेली जमीन अजून बोडकीच आहे आणि आम्हा मायलेकांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. बागेकडची खोली रिकामी केलीय. शनिवारी भाचा गाडी घेऊन येतोय, दोघांचे कपडे बांधून ठेवा. हात आमचे, तोंड तुझं. तेवढ्यावर बाग होते.
वाट पाहणारी,
ताई