फिओनासानचं गाणं

उरायासु, शनिवार, १५ ऑक्टोबर २००५

आज कम्युनिटी सेंटरमध्ये प्रत्येकीने आपल्या देशाचं लोकगीत म्हणायचं होतं. फिनलंडच्या बाईंचं उड्या मारणारं, हंगेरीच्या बाईंचं रडवेलं. स्कॉटलंडच्या फिओनाचा गळा तसा बेताचाच, पण पहिल्या ओळीलाच सगळ्या जपानी बायका तिच्याबरोबर गायला लागल्या! याच चालीवरचं जपानी गाणं शाळेत शिकतात म्हणे. मी भोंडल्याचं म्हटलं. टाळ्या पडल्या, अगदी सभ्य.

जळले मी. खोटं कशाला लिहू?

सईही माझ्याबरोबर होती; परतताना तिला घेऊन लायब्ररीत गेले. पाचला, बंद व्हायची वेळ झाली हे सांगायला, स्पीकरवर तीच चाल. सई थबकली. “आई, फिओनासानचं गाणं!”

भोंडल्याची गाणी म्हणून तिला चार वर्षं झोपवतेय मी. पण “आईचं गाणं!” म्हणून ती थबकेल, असं या गावात कुठेच काही वाजत नाही.