ताईच्या अंगठ्याखालचं बटण

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा जुन्या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरांची झिजलेली बटणे दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. माझी शुद्ध शाबूत आहे. आज बुधवार आहे आणि उद्या सकाळी आठ वाजता माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, हे मला नीट कळते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. मी घाबरलो आहे, एवढेच. वकिलांनी हे वाक्य खोडायला सांगितले होते, "भीती कलमात बसत नाही" म्हणाले. न बसू दे. सर्जन म्हणतात, शंभरातले सत्त्याण्णव बरे होऊन घरी जातात. मी जन्मभर बिघडलेल्याच वस्तू हाताळल्या, त्यामुळे मला उरलेले तिघेच दिसतात.

मरणाची भीती सगळ्यांनाच असते. मला त्याहून मोठी भीती एका बटणाची आहे, आणि हा कागद मुख्यतः त्या बटणासाठी आहे. बाकीची कलमे आधी उरकून घेतो.

कलम १. राहते घर, म्हणजे दुकानाच्या वरच्या तीन खोल्या, माझ्या पश्चात माझ्या बायकोच्या मालकीच्या होतील. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती हयात असेपर्यंत मधल्या खोलीत राहील. तिला तिथून कोणीही, कितीही प्रेमाने, हलवू नये. "ताईंची एखाद्या चांगल्या ठिकाणी सोय करू" हा मेहुण्यांचा विचार माझ्या कानावर आलेला आहे. तो त्यांनी स्वतःच्या सासूबाईंसाठी राखून ठेवावा.

कलम २. बँकेत जे असेल ते बायकोचे. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

कलम ३. दुकानातला माल आणि गिऱ्हाइकांच्या वस्तू. टेबलाच्या डाव्या बाजूला सात कंट्रोलर दुरुस्त होऊन पडले आहेत, ते चिठ्ठीवरच्या पत्त्यांवर पोचवावेत. उजव्या बाजूचे चार उघडलेले आहेत. त्यांच्या मालकांची माफी मागून ते तसेच परत करावेत. ज्या व्यापाऱ्याने मला महिन्याभरात कडक होणारी रबरं 'अस्सल' म्हणून विकली, तो समाचाराला आलाच तर त्याला चहा विचारू नये. माझा सगळ्यात बारीक पेचकस दोन वर्षांपूर्वी शेजारच्या चष्मेवाल्याने नेला, तो त्याचाच समजावा. तो या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे, तेव्हा हे वाचेलच.

इथे धंद्याविषयी दोन शब्द लिहितो, कारण पुढचं त्यावाचून कळायचं नाही. बटण झिजलं असं लोक म्हणतात तेव्हा ते वरच्या प्लास्टिककडे बघतात. झिजतं ते आत. बटणाखाली रबराची एक टोपी असते आणि टोपीच्या पोटाला एक काळा ठिपका. बटण दाबलं की ठिपका खालच्या दोन पट्ट्यांना टेकतो आणि काम होतं. दाबून दाबून तो ठिपका उडतो. कुणाचं कुठलं बटण आधी जातं त्यावरून मला माणूस कळतो. उडीचं गेलं असेल तर गिऱ्हाईक पळपुटं, गोळीचं गेलं असेल तर तापट. आम्हां तिघा भावंडांत मिळून एक कंट्रोलर होता, त्यावर माझ्या हाताने गेलेलं बटण खेळ थांबवायचं होतं. ताई त्यावरून मला अजून चिडवते.

कलम ४. ताईचे बटण. एकोणीस वर्षांपूर्वी एका आजाराने ताईचे हातपाय गेले. मान थोडी वळते आणि उजवा अंगठा हलतो, तोही दोन नाणी एकावर एक ठेवली तर होईल एवढाच. आवाज उशीपलीकडे जात नाही. तिच्या हाताखाली मी आमचाच तो जुना कंट्रोलर बांधून दिला आहे. त्याचं मोठं गोल बटण दाबलं की बाहेरच्या खोलीत आणि खाली दुकानात घंटा वाजते. पाणी हवं, कूस बदलायची, कफ अडकला, सगळं त्या एका बटणावर. दवाखान्याने एक नवं यंत्रही दिलं होतं. ते अंगठ्याच्या नुसत्या थरथरीनं वाजायचं. ताई म्हणाली, "हे तर तुझ्याहून घाबरट आहे, घेऊन जा."

सूचना अशा. मागचे पाच स्क्रू काढावेत, मधला सर्वांत लांब आहे. जुनी टोपी काढून नवी बसवावी, काळा ठिपका खाली. पट्ट्या कोरड्या कापडाने पुसाव्यात. पेन्सिल लावू नये. पुन्हा लिहितो, काही झालं तरी पेन्सिल लावू नये. गोल डब्यात नऊ टोप्या आहेत. दर तीन महिन्यांनी एक, म्हणजे सव्वादोन वर्षं पुरतील.

आणि मला खरी भीती आहे ती पुढच्या गोष्टीची. टोपी एकदम मरत नाही. आधी थोडा जास्त जोर लागायला लागतो. ताईकडे जास्तीचा जोर नाही. म्हणजे एक दिवस ती दाबेल, पुन्हा दाबेल, आणि बाहेर बसलेल्या माणसाला वाटेल, आज ताई किती शांत आहेत. माझं काही बरंवाईट झालं तर हे बटण बघणार कोण? बायकोच्या डोळ्यांना आता सुईचं नेढं दिसत नाही. चष्मेवाल्याला शिकवून पाहिलं, त्याने टोपी उलटी बसवली आणि वर मलाच म्हणाला, "आता कसं गच्च बसलंय बघा." हे काम येणारा आणखी एकच माणूस आहे. माझा धाकटा भाऊ. माझ्याच टेबलावर शिकला, हात माझ्यापेक्षा हलका. आता तो दुसऱ्या गावात लिफ्टची दुरुस्ती करतो. अकरा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

कलम ५. माझी सर्व हत्यारे, भिंगाचा दिवा आणि टोप्यांचा डबा माझ्या धाकट्या भावास द्यावा, या अटीवर की त्याने दर तीन महिन्यांनी येऊन ताईचे बटण तपासावे. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या हलगर्जीपणामुळे ताईवर जो प्रसंग ओढवला, त्याबद्दल मी त्यास मोठ्या मनाने माफ करीत आहे.

इथवर आज सकाळी लिहून झालं. जेवणं झाल्यावर मी हे सगळं ताईला वाचून दाखवलं. मेहुण्यांच्या कलमाला ती हसली. चौथं ऐकताना म्हणाली, "मी घराबरोबर पहिल्या कलमात आले, ते बरं झालं. मला वाटलं, पेचकसाच्या खाली टाकतोस की काय." पाचवं संपलं तेव्हा तिने डोळे मिटले होते. मला वाटलं, डोळा लागला. मी कागद घडी करायला लागलो.

"शेवटचं वाक्य परत वाच," ती म्हणाली.

मी वाचलं.

"माफ कोण कुणाला करतंय?"

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी म्हणालो, "ताई, उद्या ऑपरेशन आहे, आज हा विषय नको."

"तो त्या दिवशी माझ्या खाटेशी उभा राहून तुझ्याशी फोनवर बोलत होता," ताई म्हणाली. तिला एका दमात एवढंच बोलता येतं. मग पुन्हा श्वास घेऊन, "तू काय सांगितलंस तेही त्यानं फोन ठेवल्यावर मला सांगितलं. मला कान आहेत रे."

अकरा वर्षं मी धरून चाललो होतो की तिला त्या दिवसाचं काही आठवत नाही. तिने कधी विषय काढला नाही, आणि मीही त्यात सुख मानलं. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"आधी घशात नळी होती. नळी निघाली तोवर तो घर सोडून गेला होता." तिने मान माझ्याकडे वळवली. "आणि मला राहायचं होतं तुझ्याकडेच. तुला खोटं पाडून मी जाणार कुठं? मीही घाबरले. खोटं तुझं, गप्प मी. निम्मं निम्मं."

मी म्हणालो, "बरं. मी खरं काय ते या कागदात लिहितो. माझ्या मागे त्याला कळेल."

"मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? उलट विचारायला कोण येणार आहे?" ती म्हणाली. "आत्ता फोन कर. इथून कर, माझ्यासमोर."

नंबर बायकोकडे होता. तिच्याकडे तो कसा, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. उद्या छाती उघडणार आहेत त्याला मी इतका भ्यालो नव्हतो जितका त्या दहा आकड्यांना भ्यालो. दोनदा चुकीचे दाबले. तिसऱ्यांदा लागला.

"मी दादा," मी म्हणालो.

तिकडून लगेच, "ताई? ताईला काय झालं?"

"ताई बरी आहे. इथे समोर आहे. मला तुला काही सांगायचंय." आणि मी सांगितलं. कुठेही न थांबता, कारण थांबलो असतो तर फोन ठेवून दिला असता. मधे एकदाच त्याने तिकडे कुणाला तरी सांगितलं, "लिफ्ट चालू करू नकोस, मी आतच आहे."

माझं बोलणं संपल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी फोन केला होता."

"केला होतास."

"दादा, नक्की केला होता ना?"

"हो रे. नक्की."

"मला वाटायला लागलं होतं, मी केलाच नव्हता," तो म्हणाला. "रात्रपाळी करून आलो होतो, म्हटलं झोपेत भास झाला असेल. तू इतक्या सहज म्हणालास ना दवाखान्यात, की मलाच माझं खोटं वाटायला लागलं. बायकोलाही मी तसंच सांगितलंय, की बहुतेक मीच मनाने वायर काढली. घरात कुणाला साधा ताप आला तरी मी झोपत नाही. बसून राहतो."

ताईने फोन तिच्या कानाशी धरायला खुणावलं. त्यांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, फोन उशीवर टेकवून मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो होतो. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा तो म्हणाला, "हत्यारं नकोत मला. हे लिहून दे." तो येईल का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्याने आपणहून सांगितलं नाही. बटणाचं काय होणार, हे मला ही ओळ लिहितानाही माहीत नाही, आणि माझं धाबं दणाणलेलंच आहे.

कलम ६. कलम ५ मधील अट आणि माफीचे वाक्य मी रद्द करतो. कलम खोडलेले नाही, मुद्दाम तसेच ठेवले आहे, म्हणजे मी सकाळपर्यंत कसा माणूस होतो ते वाचणाऱ्याला कळेल. हत्यारे आणि डबा ताईच्या खोलीत राहील. ते कुणी हाती घ्यायचे ते ती ठरवेल. धाकट्या भावास मी पुढील मजकूर देतो. तो त्याने कुणालाही दाखवावा.

अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळी ताईचं बटण नीट लागत नव्हतं. माझ्याकडच्या टोप्या संपल्या होत्या. मी झिजलेल्या ठिपक्यावर पेन्सिलीचं शिसं घासलं. घाईत होतो, उडालेली भुकटी पुसली नाही. ती पट्ट्यांवर बसली, दोन्ही पट्ट्या तिने जोडल्या गेल्या आणि बारा वाजून दहा मिनिटांनी घंटा आपोआप वाजायला लागली. ती थांबेना. तेव्हा घंटा फक्त वर होती, दुकानातली मी नंतर जोडली. माझ्या धाकट्या भावाने मला दुकानात फोन केला. "दादा, ताईनं बोटही लावलेलं नाही आणि घंटा वाजतेय, काय करू?" असं विचारलं. माझ्यासमोर गिऱ्हाईक होतं. "वायर काढून ठेव, संध्याकाळी बघतो," असं मी सांगितलं. त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. रात्रपाळी करून आलेला होता, तरी तीनपर्यंत तो ताईच्या उशाशी जागा बसला. मग बाहेरच्या खोलीत त्याचा डोळा लागला. सहाच्या जरा आधी ताई उशीवरून घसरली, तिचा श्वास कोंडला. हाक मारायला श्वास लागतो. तिने बटण दाबलं. मी सहाला आलो तेव्हा ती निळी पडली होती. बावीस दिवस तिच्या घशात नळी होती आणि तिचा आवाज तेव्हा गेला. पूर्वी ती मधल्या खोलीतून रस्त्यावरच्या दूधवाल्याला दटावायची. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घंटा कोणी बंद केली?" धाकटा म्हणाला, "मी, दादाला विचारून." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मला कधी विचारलंस?"

त्याने विचारलं होतं. त्याने फोन केला होता. मी तो उचलला होता.

ठिकाण: ताईची खोली.
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, बुधवार, दुपारी चार.

सही, लिहून ठेवणार

आम्ही दोघांनी हा कागद आधी वाचला. लिहून ठेवणाऱ्याने आमच्या डोळ्यांदेखत, ताईंना पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवून, सही केली. मग आम्ही केली.

साक्षीदार पहिला: शेजारचा चष्मेवाला
साक्षीदार दुसरा: घरचे डॉक्टर, ज्यांनी तेव्हा दवाखान्यात तो प्रश्न विचारला होता