भुताळीचा पोर

आये, तू जाऊन वीस वर्षं झाली, आणि आज मी तुझी बदनामी करून आलो. तीही आपल्याच गावात, भरदुपारी, सगळ्या आळीसमोर. ज्या गावाने तुला भुताळी ठरवलं, तुझ्या नजरेने पोरं आजारी पडतात म्हणून नेसत्या लुगड्यानिशी हाकललं, त्या गावात मी परत पाऊल टाकलं नव्हतं. आज गेलो, कारण त्यांनी आपल्या शेजारच्या काकीला धरल्याचं कानावर आलं. आपल्याला हाकललं त्या दिवशी तेवढी एकटीच रडली होती.

गावाने हाकलल्यावर आपण राहिलो ती टेमघरची खोली आठवते. तू लूमवाल्यांच्या सुताच्या कांड्या भरत बसली आहेस, मी शाळेतून येऊन सांगतो की शेजारणीचं बाळ कसलं गोड आहे, आणि तू काडकन माझ्या थोबाडीत देतेस. ‘कुनाचे पोराला चांगला म्हनू नको. आपले तोंडातला चांगलाबी लोकांना वाईट वाटतं.’ मग स्वतःच रडतेस. मरेपर्यंत एकच सांगत राहिलीस, ‘मी तशी न्हाय रं.’ मी दर वेळी म्हणायचो, माहीत आहे.

तर काकीला अंगणात बसवलं होतं. एका पोरीचा ताप आठ दिवस उतरेना, आणि भगताने सुपातले तांदूळ बघून काकीचं नाव घेतलं. पोरीचा बाप काठी घेऊन उभा. धामणकर नाक्यावर रिक्षा चालवतो मी, कोण समजावल्यावर ऐकेल आणि कोण नाही ते तोंड बघून कळतं. पोलिसांना फोन केला होता, पण ते येईपर्यंत काकी उरली नसती. मी रिक्षा थेट अंगणात घातली. म्हटलं, ‘सोडा तिला. पोरीला माझी नजर लागलीय. भुताळीचा पोर हाय मी. माझी आय भुताळीच होती, मरताना सगळं मला देऊन गेली. आता हिला ज्याचा हात लागंल, त्याच्या घराकडं मी सावकाश बघनार हाय.’ काठी खाली आली. सगळ्यात आधी भगत मागे सरकला, एवढी त्याची विद्या. एकट्या म्हातारीवर धावणारे गडी माझ्यासमोर हात जोडून उभे. बापाला दम भरला, पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. पोरीला घेऊन कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेला. टायफॉइड निघाला, सलाईन चालू आहे.

जे नाव पुसायला तू जन्म घालवलास, ते मी दोन मिनिटांत पक्कं केलं. रागव, तुझा हक्क आहे. पण माफी मागणार नाही. तू खरं बोलत राहिलीस, कोणी ऐकलं? उद्या दुसऱ्या कुठल्या गावात दुसऱ्या कुठल्या बाईला धरलं, तर मी तिथेही जाणार आणि हेच बोलणार. भुताळा हवाय ना त्यांना, मग हा घ्या.

काकीला माझ्या घरी आणलं. वाटेत आरशात पाहिलं, तर ती सीटच्या पार कोपऱ्यात, तोंडावर पदर ओढून. ‘काकी, खोटं बोललो मी. तुला सोडवायला.’ ‘व्हय रे बाबा,’ म्हणाली, पण पदर काही खाली घेतला नाही. आता आत जेवतेय, माझ्याकडे पाठ करून.

मला तिचा राग यायला हवा होता, पण येत नाही. का ते सांगतो. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर लिहायची हिंमत होतेय. मला गोवर आला होता तेव्हा तू काम सोडून दिवसभर उशाशी बसून माझ्याकडे बघत होतीस, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. उजेड डोळ्यांत जातो, असं म्हणालो होतो. तू उठून खिडकीला गोणपाट लावलंस. आये, उजेडाचा काही त्रास नव्हता मला.